घरच्या घरी द्विमितीय अ‍ॅनिमेशन : सुरुवात वहीपासून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ठाण्यात राममारुती रोडपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या वर्गांचे फलक दिसू लागतात आणि त्याच सुमारास माझ्या माजी विद्यार्थ्यांचे, म्हणजे आता स्वतः आईबाबा झालेल्यांचे, मला फोन येऊ लागतात. ‘बाई, मुलीला कार्टून करायला शिकायचं आहे, संगणक कोणता घेऊ? पेन टॅबलेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) किती रुपयांपर्यंतचा घेऊ?’ ठाण्यातील एका शाळेत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर नातीच्या निमित्ताने द्विमितीय अ‍ॅनिमेशन स्वतः करून पाहिले. त्या अनुभवावरून मी देते ते उत्तर ऐकणाऱ्याला नेहमी अपुरे वाटते, कारण ते ‘सध्या काहीही विकत घेऊ नका, एक कोरी वही आणा’ एवढेच असते. हे उत्तर टाळाटाळीचे नाही. त्यामागची कारणे फोनवर सांगून होत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या इमारतीतील नववीच्या एका मुलाने गेल्या वर्षी अशा एका वर्गात नाव घातले होते. तिथे शिकवल्या जाणाऱ्या संगणकावरच्या अ‍ॅनिमेशन प्रोग्रामची जवळजवळ सगळी बटणे दोन महिन्यांत त्याला पाठ झाली. पडणारा चेंडू करून दाखव, असे मी म्हटल्यावर त्याने एक चेंडू वर ठेवला, एक खाली ठेवला आणि मधली सगळी चित्रे संगणकाकडून भरून घेतली. चेंडू लिफ्टसारखा एकाच वेगाने खाली आला आणि जमिनीला टेकून थांबला. काहीतरी चुकले आहे हे त्या मुलाला दिसत होते, पण कशामुळे चुकले हे त्याला सांगता येत नव्हते, कारण त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. पालकांनी भरलेल्या फीचे मला वाईट वाटले. पण ‘आपल्याला हे जमण्यासारखे नाही’ असे ठरवून त्या मुलाने ते सोडून दिले, याचे दुःख त्याहून मोठे आहे.

अ‍ॅनिमेशन ही चित्रांची कला आहे हे खरेच. परंतु दोन चित्रांमध्ये किती अंतर ठेवायचे आणि एखादे चित्र डोळ्यांपुढे किती वेळ राहू द्यायचे, हा तिचा खरा गाभा आहे. चित्रपटात एका सेकंदात २४ चौकटी (फ्रेम) सरकतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा एकच चित्र दोन चौकटी ठेवतात, त्यामुळे एका सेकंदाला १२ चित्रे पुरतात. मुलांनी सर्वांत आधी मनाशी पक्का करावा असा आकडा हाच आहे. सेकंदाला १२ म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या चित्रपटाला ३६० चित्रे झाली. रोज दहा काढली तरी ३६ दिवसांत ती पूर्ण होतात, म्हणजे एका मोठ्या सुट्टीत सहज बसणारे हे काम आहे. १९०८ साली फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी हाताने काढलेला जो चित्रपट अ‍ॅनिमेशनच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी एक मानला जातो, तो साधारण ७०० चित्रांचा होता आणि दोन मिनिटांतच संपत होता. चिकाटी धरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यापासून ही संख्या फार दूर नाही.

आता त्या चेंडूकडे वळते, कारण या कलेचे पहिले दोन-तीन महिने एकट्या चेंडूवर घालवले तरी ते वाया जात नाहीत. साधारण चार फुटांवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे आपल्या हिशेबाने त्याच्या पडण्याला सहा चित्रे लागतात. वरून पडणारी वस्तू लागोपाठच्या समान कालखंडांत १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात अंतर कापत जाते. हे गॅलिलिओने दाखवून दिले होते आणि आपली मुले विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात त्याच नियमाची समीकरणे सोडवतात. वहीच्या प्रत्येक पानावर एक चित्र काढून पाने अंगठ्याखालून भराभर सोडली की चित्र हलताना दिसते. या पानावर एकाला दोन मिलिमीटर धरले, तर चेंडू प्रत्येक नव्या पानावर अनुक्रमे २, ६, १०, १४, १८ आणि २२ मिलिमीटर खाली येतो. एकूण अंतर ७२ मिलिमीटर होते आणि ते हातात मावणाऱ्या छोट्या वहीतही बसते. वरच्या बाजूला चित्रे एकमेकांना जवळजवळ खेटून आहेत आणि खाली विरळ होत गेली आहेत, हे मुलाला पट्टीने मोजताना प्रत्यक्ष दिसते. उसळी घेताना हाच क्रम उलटा करायचा, फक्त वरची उंची थोडी कमी ठेवायची. उंचीच्या टोकाला पुन्हा चित्रे दाटीने येतात, म्हणून तेथे चेंडू क्षणभर तरंगल्यासारखा वाटतो. संगणकाने त्या मुलाला समान अंतराची चित्रे भरून दिली होती. दोष संगणकाचा नव्हता, अंतरे बदलायची असतात हे त्याला कोणी सांगायला हवे होते.

जमिनीवर आपटतो त्या एका चित्रात रबरी चेंडू दबतो. तो दबवताना जितका बुटका केला तितकाच रुंद करावा लागतो, नाहीतर पाहणाऱ्याला चेंडू अचानक लहान झाल्यासारखा वाटतो. लोखंडी गोळा दबत नाही आणि उसळतही नाही. फुगा तर सुरुवातीपासून जवळजवळ एकाच संथ वेगाने उतरतो. वर्तुळ तेच, पेन्सिल तीच, आणि केवळ अंतरे बदलून तीन निराळ्या वस्तू तयार होतात. माझ्या नातीने पहिला फुगा उतरवला तेव्हा तिने वही पंधरा-वीस वेळा तरी फडफडवून पाहिली असेल.

या फडफडणाऱ्या वहीचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बार्न्स लिनेट यांनी १८६८ सालीच घेतले होते. ती करताना एक गोष्ट सांभाळावी: पहिले चित्र शेवटच्या पानावर काढून मागून पुढे यावे. असे केले की प्रत्येक नवे पान आधीच्या चित्रावर पडते, खालची रेघ पुसट दिसते आणि त्या आधाराने पुढचे चित्र काढता येते. मोठे अ‍ॅनिमेशन प्रोग्राम हीच सोय कांद्याच्या पापुद्र्याचे (ओनियन स्किन) नाव देऊन पुरवतात. वहीत ती फुकट मिळते. वहीचे पान मात्र फार पातळ नसावे, नाहीतर अंगठ्याखालून पाने एक-एक करून सुटत नाहीत.

वहीची मर्यादा जाणवू लागली की सुटे कागद घ्यावेत. सुट्या कागदांची खरी अडचण ही, की ते प्रत्येक वेळी नेमके त्याच जागी ठेवावे लागतात, नाहीतर चित्रातले घर आणि झाड सारखे थरथरत राहते. स्टुडिओत यासाठी खुंट्यांची खास पट्टी असते. घरी कार्यालयातले साधे दोन भोकांचे पंच यंत्र पुरते: त्याची भोके एकमेकांपासून ८ सेंटिमीटर अंतरावर पडतात, तेवढ्याच अंतरावर जाड पुठ्ठ्यावर बांबूच्या काठीचे भोकात घट्ट बसणारे दोन तुकडे चिकटवले की खुंट्या तयार होतात. फायलीतली पत्र्याची क्लिपही चालते, पण ती भोकात किंचित हलते आणि ती हालचाल पुढे चित्रपटात दिसते. खालचे चित्र दिसावे म्हणून दोन बाजूंना पुस्तकांचे ढीग लावून त्यावर काच ठेवावी आणि काचेखाली एलईडी दिवा लावावा. काचेच्या कडांना चिकटपट्टी अवश्य लावावी. आमच्याकडे पहिले काही दिवस नात खिडकीच्या काचेवर कागद धरूनच चित्रे काढत होती आणि तेही चालत होते.

चित्रे टिपण्यासाठी साधा मोबाइल पुरतो. बैठकीला मधोमध भोक असलेले प्लास्टिकचे स्टूल बहुतेक घरांत असते. मोबाइल त्या भोकावर मागचा कॅमेरा येईल असा उताणा ठेवला आणि खाली फरशीवर खुंट्यांचा पुठ्ठा चिकटवला की न हलणारा कॅमेरा मिळतो. फोटो काढताना पडदे ओढून घ्यावेत आणि एकच दिवा लावावा, कारण ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि चित्रपट चालवल्यावर तो लुकलुकताना दिसतो. मोबाइलचा फोकस आणि उजेड एकदा ठरवून कुलूपबंद (लॉक) करावा. पंखा बंद ठेवावा लागतो. ठाण्याच्या मे महिन्यात हे सोपे नाही, म्हणून आम्ही हे काम सकाळी सातच्या आत उरकत असू.

प्रोग्रामविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण लोक नेमका तिथेच सर्वाधिक वेळ घालवतात. पेन्सिल-टूडी हा मोफत प्रोग्राम अगदी साधा आहे आणि सुरुवातीला तोच योग्य. क्रिता मुळात चित्रकारांसाठी आहे, त्यात अ‍ॅनिमेशनही करता येते आणि तोही मोफत आहे. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेल्या प्रोग्रामची ओपनटून्झ ही आवृत्ती २०१६ पासून कोणालाही विनामूल्य मिळते. ती शिकायला अवघड आहे, घाई करू नये. संगणकच नसेल तर मोबाइलवर फ्लिपाक्लिप आहे. अंतरांचा हिशेब ज्या मुलाच्या हातात बसला आहे, ते यांपैकी कोणताही प्रोग्राम थोड्या दिवसांत वापरू लागते. पेन टॅबलेटची गरज मुलाने स्वतः शंभर-दीडशे चित्रे पूर्ण केल्यानंतरच पडते, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्या मुलांना ‘मला चित्र काढता येत नाही’ अशी भीती असते, त्यांनी कागदी बाहुलीपासून सुरुवात करावी. जाड कागदातून डोके, धड, हात आणि पाय वेगवेगळे कापायचे, सांध्यांना दोरा ओवायचा आणि प्रत्येक फोटोआधी बाहुली थोडी-थोडी हलवायची. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ साली अशा कापलेल्या काळ्या आकृत्यांतून पूर्ण लांबीचा चित्रपट उभा केला होता. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे कलाकार चामड्याच्या सांधेजोड आकृत्या पडद्यामागे खेळवत आले आहेत, तेव्हा ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही.

चेंडूनंतर काय, असा प्रश्न येतो तेव्हा पुस्तके माणसाची चाल शिकवतात. माझा अनुभव असा, की मुलाने स्वतः जाऊन पाहिलेल्या गोष्टीची चाल आधी करावी. आम्हा ठाणे-नवी मुंबईकरांच्या दारात फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली त्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि ऐरोलीच्या बाजूने किंवा नेरुळच्या पाणथळींवर हंगामात ते सहज दिसतात. दुर्बीण आणि वही घेऊन आम्ही दोन सकाळी तिथे बसलो. नातीने काढलेल्या पहिल्या चित्रांत पक्ष्याचा गुडघा मागच्या बाजूला मोडत होता. पायाच्या मध्यावर दिसणारा तो सांधा गुडघा नसून घोटा आहे आणि खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो, हे कळल्यावर तिची सगळी चित्रे बदलली. पाय चिखलातून वर येताना बोटे मिटतात आणि खाली टेकताना पुन्हा पसरतात. पाऊल पुढे पडले तरी शरीराचा भार लगेच त्यावर जात नाही. हे सारे तिने प्रथम मुख्य चार चित्रांत पकडले: पाऊल टेकले, भार आला, दुसरा पाय बाजूने पुढे निघाला, शरीर उंचावले. मग मधली चित्रे भरली. या व्यवसायात काम करणारे अगदी असेच करतात. आधी मुख्य चित्रे, नंतर मधली. पहिल्या चित्रापासून क्रमाने काढत गेले तर पक्षी सहाव्या चित्रापर्यंत नकळत मोठा होत जातो, हेही आम्हाला तेव्हाच समजले.

बोलणाऱ्या पात्रांविषयी मला विशेष लिहावेसे वाटते, कारण येथे मराठी मुलाकडे एक मोठी शिदोरी आहे आणि ती कोणी उघडून दाखवत नाही. इंग्रजी पुस्तकांत ओठांच्या आकारांचे तक्ते असतात आणि ते इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेले असतात. आमच्या वर्गांत तेच तक्ते मुलांपुढे ठेवले जातात आणि मग ‘आई, मला भूक लागली’ हे साधे वाक्य बोलताना पात्राचे तोंड भलतेच काही बोलते. आपली वर्णमाला तर उच्चार तोंडात कोठे होतो त्यावरच रचलेली आहे. प, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे आली की ओठ मिटलेच पाहिजेत. व उच्चारताना खालचा ओठ दातांकडे जातो. क, ट, त या वर्गांत हालचाल जिभेची असते, बाहेरून ती फारशी दिसत नाही, म्हणून तेथे तोंडाचा आकार पुढच्या स्वराने ठरतो: आ असेल तर उघडे, इ असेल तर फाकलेले, उ किंवा ओ असेल तर गोल. म्हणजे सात-आठ आकारांत मराठी बोलता येते. वरच्या वाक्यात ‘मला’ मधला म आणि ‘भूक’ मधला भ या दोन ठिकाणी ओठ नीट मिटले, किमान दोन चौकटी मिटलेले राहिले आणि आकार आवाजाच्या एखादी चौकट आधी आला, तर बाकीच्या लहान चुका कान माफ करतो. मुलाने आरशासमोर बसून बाराखडी म्हणत हा तक्ता स्वतः काढावा. पहिलीत पाठ केलेल्या गोष्टीचा असा उपयोग होताना पाहून मला शिक्षिका म्हणून फार आनंद झाला.

हे काम आपल्याकडे नवे आहे, असा एक समज पालकांत आहे आणि त्यामुळेच ते परक्या तक्त्यांवर अवलंबून राहतात. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली आगकाड्या थोड्या-थोड्या हलवून एक लघुपट केला होता. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत अंकुरणाऱ्या वाटाण्याची वाढ थांबून-थांबून टिपली आणि ती दाखवून चित्रपटासाठी भांडवल मिळवले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ मध्ये डिस्ने स्टुडिओचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे अनेक पिढ्या घडवल्या. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाला आठवणारा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट विजया मुळे यांचा, त्यातील अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचे. संगणकाशिवाय झालेले ते काम आजची मुलेही तितक्याच गोडीने पाहतात.

पुढे ज्यांना हेच शिक्षण घ्यायचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागापासून अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेपर्यंत चांगल्या संस्था आहेत. तेथे जाऊ पाहणाऱ्या मुलाने निरीक्षणाच्या चित्रांनी भरलेल्या वह्या आतापासून जपून ठेवाव्यात.

माझ्या तीन विनंत्या आहेत. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना आपल्या राज्यातील शाळांची मुले मोठ्या संख्येने बसतात. त्यांतील स्मरणचित्रासाठी मी वर्षानुवर्षे मुलांना चालणारी, वाकणारी, ओझे उचलणारी माणसे काढायला शिकवली, परंतु त्या क्रियेचा आधीचा आणि नंतरचा क्षण काढायला कधीही सांगितले नाही, याची आज मला खंत वाटते. एकाच क्रियेची तीन लागोपाठची चित्रे काढण्याचा सराव कला संचालनालयाने या परीक्षांच्या अभ्यासात सुचवावा. दुसरी विनंती ठाणे आणि नवी मुंबईच्या शाळांना: सुट्टीत संगणक कक्षाला कुलूप असते, आठवड्यातून दोन सकाळी तो उघडला तर ज्यांच्या घरी संगणक नाही अशा मुलांना आपली चित्रे जोडून पाहता येतील. मोफत प्रोग्राम असल्यामुळे त्यासाठी शाळेला परवान्याचा खर्च येणार नाही.

तिसरी विनंती आपल्याकडे आहे. नातीने काढलेल्या फ्लेमिंगोच्या एका पावलाची १२ चित्रे या पत्रासोबत जोडली आहेत. प्रत्येक चित्र चार सेंटिमीटर रुंद आहे आणि डाव्या बाजूला बांधणीसाठी जागा सोडली आहे. बालपुरवणीच्या कोपऱ्यात दर आठवड्याला त्यांतील दोन छापली, तर सहा आठवड्यांत, म्हणजे शाळा उघडण्यापूर्वी, मुलांकडे पूर्ण पाऊल जमेल. वृत्तपत्राचा कागद पातळ असल्याने ती जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवून मग कापावीत, अशी सूचना पहिल्या चित्राखाली द्यावी. सातवे चित्र मुद्दाम कोरे ठेवले आहे; सहावे आणि आठवे समोर ठेवून ते मुलांनी स्वतः काढायचे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
नौपाडा, ठाणे